डब्यातल्या प्रोग्रॅमला हजेरीपट, आणि माणसाला पत्त्याचा पुरावा?

मंडळी, अर्ज सरकारी असो की खासगी, त्यावर एक रकाना हमखास असतो : 'कायमचा पत्ता'. हा रकाना आता काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू नका. निदान आमच्या मुलुंडला, घाटकोपरला, अंधेरी-बोरिवलीला तरी हा रकाना भरताना माणूस एक तर भूतकाळात लिहितो, नाहीतर भविष्यकाळात. ज्या इमारतीचा पत्ता लिहायचा ती पाडून झालेली असते, आणि जी उभी राहायची तिचा अजून पायाच खणणं चाललेलं असतं. वर्तमानकाळात माणूस राहतो ते अकरा महिन्यांच्या कराराच्या घरात, आणि त्या घराला अर्जावर 'तात्पुरता पत्ता' अशी दुय्यम जागा.

बरं, रकान्याचं एक वेळ सोडून देऊ. त्यामागची जी समजूत आहे तिच्याशी माझं खरं भांडण आहे. 'पत्ता बदलला की कळवणं हे ज्याचं त्याचं काम' असं आपण सगळेच धरून चालतो. ज्याला हलावं लागलं त्यानंच दहा दारं हिंडायची, प्रत्येक दारात 'मी हलले' असं सांगायचं, आणि वर ते पुराव्यानिशी सिद्ध करायचं. ही रीत उफराटी आहे, आणि ती उफराटी आहे हे मला कुठल्या समाजसुधारकानं नाही, तर कॉम्प्युटरनं शिकवलं. त्या जगात नेमकी हीच अडचण आली होती, आणि तिथल्या लोकांनी ती पाच-दहा वर्षांत सोडवलीसुद्धा. आपण मात्र रांगेत उभे आहोत.

कॉम्प्युटरचा आणि माझा संबंध काय, असं विचाराल. आमची सूनबाई ऐरोलीच्या एका कंपनीत काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. एकदा दोन-तीन दिवस तिच्या फोनवर सारखं एकच चाललेलं, 'क्लस्टर जुळतच नाहीये, नोड्सना एकमेकांचा पत्ताच लागत नाहीये'. पत्ता हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले, कारण त्याच दिवसांत मीही पत्त्यासाठीच वणवण करत होते! मी मराठी माध्यमातली बी.ए., पण जन्मभर शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे, समजेपर्यंत विचारत राहायचं. चार रविवार दुपारच्या जेवणानंतर सूनबाईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आकृत्या काढून मला समजावलं. त्यातलं जेवढं माझ्या शब्दांत मांडता येतंय तेवढं मांडते. (सूनबाई, कुठे खटकलं तर फोन कर, सगळ्यांसमोर लिहू नकोस!)

पूर्वी एक मोठा प्रोग्रॅम एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचा. तो बंद पडला की सगळंच बंद. म्हणून तोच प्रोग्रॅम पाच-सात ठिकाणी एकाच वेळी चालवायला लागले. या जथ्याला क्लस्टर म्हणतात. ही पाच-सात मंडळी माहिती आपसात वाटून घेतात, एकमेकांच्या वह्यांच्या नकला सांभाळतात आणि आपल्यातला एक प्रमुख निवडतात. म्हणजे सतत एकमेकांशी बोलणं आलं. बोलायचं तर पत्ता हवा, आणि कॉम्प्युटरच्या दुनियेत पत्ता म्हणजे आयपी क्रमांक.

जोवर हे सगळे आपापल्या मशीनवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसत होते, तोवर काही अडचण नव्हती. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना पत्ता कोण विचारतो? पण २०१३ साली डॉकर नावाची गोष्ट आली आणि कंटेनरचा जमाना सुरू झाला. कंटेनर म्हणजे डबा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, आणि तो डबा हवा त्या मशीनवर नेऊन उघडायचा. पाठोपाठ २०१४ मध्ये गूगलनं कुबरनेटीस हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा हे तो ठरवतो, आणि एखादं मशीन बंद पडलं तर त्यावरच्या डब्यांच्या जागी दुसरीकडे नवे डबे उघडतो. सोय मोठी, पण प्रत्येक वेळी नवी जागा आणि नवा पत्ता. सकाळी एका पत्त्यावर असलेला सोबती दुपारी तिथे नाही. आमचं अकरा महिन्यांनी होतं, त्यांचं कधी कधी अकरा मिनिटांनी.

त्यात आणखी एक गंमत. साध्या डॉकरमध्ये डब्याला मिळणारा पत्ता हा त्या मशीनच्या आतल्यापुरता असतो. सहसा पहिल्या डब्याचा पत्ता १७२.१७.०.२, आणि शेजारच्या मशीनवरच्या पहिल्या डब्याचा पत्ताही तोच! आता हा बिचारा बाहेरच्यांना सांगतो, 'मी १७२.१७.०.२ ला राहतो'. ऐकणारा त्या पत्त्यावर जातो तर स्वतःच्याच घरात पोचतो. एखाद्यानं पुण्याच्या माणसाला 'बी विंग, दुसरा मजला' एवढंच सांगावं, तसं. पत्ता खोटा नाही, पण जिथून विचारताय तिथून तो उपयोगाचा नाही. म्हणून अशा प्रोग्रॅमला 'आत कुठे राहतोस' आणि 'बाहेरच्यांना काय सांगतोस' हे दोन पत्ते वेगवेगळे शिकवावे लागतात.

मग एकमेकांना शोधायचं कसं? यावर जे उपाय झाले ते ऐकताना मला आमच्या शाळेचा हजेरीपट आठवत होता.

पहिला उपाय यादीचा. प्रत्येकाच्या खिशात सगळ्यांच्या पत्त्यांची चिठ्ठी द्यायची. हे फार जुनं आहे. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालचा गट सांभाळायचा, आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तसं ते काम हाताबाहेर गेलं, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. नाव विचारा, पत्ता सांगते. आजही तुम्ही कुठलंही संकेतस्थळ उघडता तेव्हा मागे हीच विचारपूस चाललेली असते. पण यादीचा मोह अजून सुटत नाही. सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे आजही घाईत कोणीतरी प्रोग्रॅममध्ये थेट आयपी क्रमांक लिहून ठेवतं, डबा हलतो, आणि रात्री दोन वाजता फोन वाजतो.

दुसरा उपाय हाकाटीचा. चौकात उभं राहून ओरडायचं, 'आमच्यातलं कोण कोण आहे इथे?', जो ऐकेल तो 'मी आहे' म्हणेल. याला मल्टिकास्ट म्हणतात. एका खोलीतल्या मशीनवर हे झकास चालायचं. पण भाड्याच्या क्लाउडमध्ये बहुतेक ठिकाणी अशी हाक पलीकडे पोचूच देत नाहीत. शिवाय हाकेला कोण उत्तर देईल याचा नेम नाही. कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर सहज म्हणून सुरू केलेला प्रोग्रॅमसुद्धा 'मी आहे' म्हणून जथ्यात शिरू शकतो. इलॅस्टिकसर्च नावाच्या प्रसिद्ध प्रोग्रॅमनं ही सोय पुढे काढूनच टाकली.

तिसरा उपाय, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे, हजेरीपटाचा. नाव वेगळं, पत्ता वेगळा, आणि दोघांच्या मधे एक वही. नाव कायम राहील, पत्ता बदलेल, आणि वही ताजी राहील. कुबरनेटीसमध्ये अशा जथ्यातल्या प्रत्येक डब्याला एक नाव आणि क्रमांक देता येतो, समजा डेटा-०, डेटा-१, डेटा-२. डेटा-१ मेला आणि दुसऱ्या मशीनवर पुन्हा उघडला तरी त्याचं नाव डेटा-१ च. बाकीचे त्याला नावानं विचारतात, वही नवा पत्ता सांगते. वर्ग बदलला तरी जनरल रजिस्टरमधला मुलाचा नंबर बदलत नाही, तसं.

आता माझा शिक्षकी प्रश्न. ही वही भरतं कोण?

मंडळी, डबा भरत नाही! ज्या यंत्रणेनं त्याला ही जागा दिली तीच त्याचा नवा पत्ता वहीत लिहिते. डब्याला कोणी म्हणत नाही की 'तू हललास ना, मग जा, आधी विजेचं बिल घेऊन ये'. त्याला हलवलं आम्ही, त्याचा पत्ता ठाऊक आम्हाला, तेव्हा लिहायचं कामही आमचंच. किती साधं आहे! कन्सलसारख्या काही पद्धतींत प्रोग्रॅमनं स्वतः नोंद करायची असते, नाही असं नाही. पण तिथेही एकदा, एकाच खिडकीवर. मग ज्याला हवं त्यानं त्या वहीत बघावं.

आणि वही एकच. म्हणजे नकला तीन किंवा पाच असतात, पण त्या सगळ्या मिळून एकच वही. काही नवं लिहायचं तर निम्म्याहून अधिक नकलांचा होकार लागतो, आपल्या सोसायटीच्या सभेत गणपूर्ती लागते तसा. का? तर मधली तार तुटली आणि दोन गट पडले, तर दोन्ही गटांनी 'आम्हीच खरे' म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहू नयेत. एका सोसायटीत दोन कमिट्या झाल्या की काय होतं ते उपनगरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे या. आमच्या इमारतीचं पुनर्विकासात जायचं ठरलं, सगळ्यांनी घरं रिकामी केली, आणि आम्ही मुलुंडमध्येच रेल्वेच्या या बाजूचे त्या बाजूला गेलो. पिन कोड ४०००८१ चा ४०००८० झाला, एवढाच काय तो फरक. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. त्या काळी माणूस एका जागी राहायचा, त्यामुळे जागेला क्रमांक दिला की माणूस सापडायचा. तेव्हाच्या गरजेला ते उत्तम होतं.

नव्या घराचा करार मुलाच्या नावावर आहे. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. गॅस मुलाच्या नावावर. मग मी कुठे राहते? कागदाच्या हिशेबानं कुठेच नाही. एका कार्यालयात पत्ता बदलायला गेले तर म्हणाले, नव्या पत्त्याचं बँकेचं पत्र आणा. बँकेत गेले तर म्हणाले, आधी तुमच्या ओळखपत्रावरचा पत्ता बदलून आणा. ओळखपत्राच्या खिडकीवर पुन्हा तेच, नव्या पत्त्याचा एखादा कागद द्या. तीन खिडक्या, तीन वह्या, आणि प्रत्येक वही दुसरीकडे बोट दाखवते.

गंमत म्हणजे हा पेच कॉम्प्युटरवाल्यांनाही पडला होता, अगदी हुबेहूब. कुबरनेटीसचा नियम असा की डबा कामाला तयार झाला तरच त्याचं नाव चौकशीत सांगायचं. नियम चांगला आहे, अर्धवट उघडलेल्या डब्याकडे कोणाला कशाला पाठवा? पण जथ्यातला डबा तयार कधी होतो? सोबती सापडले की. सोबती केव्हा सापडणार? त्यांची नावं वहीत आली की. आणि नावं वहीत केव्हा येणार? ते तयार झाले की! सगळे एकमेकांची वाट बघत दाराबाहेर उभे. मग या लोकांनी काय केलं? डब्यांना दोष दिला नाही. नियमाला एक अपवाद करून ठेवला. जथ्यातल्या मंडळींनी एकमेकांची चौकशी केली, तर अजून तयार नसलेल्यांचेही पत्ते सांगायचे. एका ओळीची सुधारणा. पेच सुटला.

आपल्याकडे असा पेच निदर्शनास आणला तर खिडकीतला माणूस म्हणतो, 'आजी, नियम आहे'. नियम आहे हे मलाही दिसतंय हो. नियमाच्या पोटात गाठ बसली आहे, ती सोडवणं हे नियम करणाऱ्याचं काम, पंचाहत्तरीच्या बाईचं नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरकारला आमचा नवा पत्ता ठाऊक नाही, असं आहे का? मुळीच नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, यातल्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आमच्याकडे एजंटचा माणूस यंत्र घेऊन घरी आला, आधार क्रमांक घेतला, अंगठा घेतला, फोटो काढला, मुद्रांक शुल्क भरून घेतलं. म्हणजे हे कुटुंब अमुक तारखेपासून अमुक घरात राहणार, हे सरकारदप्तरी नोंदलं गेलं. ज्या यंत्रणेनं जागा बदलल्याची नोंद केली तिच्याच शेजारच्या खिडकीवर मी 'जागा बदलली' याचा पुरावा द्यायचा! डब्याच्या नशिबी हे आलं असतं तर तुमचं एकही ॲप चाललं नसतं, क्रिकेटचा सामना मोबाइलवर दिसला नसता, आणि मग मात्र दोन दिवसांत सुधारणा झाली असती. माणसांच्या बाबतीत ती होत नाही, कारण माणसं रांगेत उभी राहतात. डबे राहत नाहीत, ते बंद पडतात.

आता हयातीच्या दाखल्याचं. आम्ही पेन्शनर लोक दर नोव्हेंबरात 'मी जिवंत आहे' असं सांगायला जातो. याचंही मला वाईट वाटत नाही, कारण कॉम्प्युटरमध्येही तेच असतं. त्याला हृदयाचे ठोकेच म्हणतात. कुबरनेटीसमधलं प्रत्येक मशीन दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असं कळवतं. प्रश्न ठोका चुकला तर काय करायचं, हा आहे. माझी घाटकोपरची एक मैत्रीण एका नोव्हेंबरात पायाचं हाड मोडून अंथरुणावर होती. दाखला राहिला. पेन्शन थांबलं. ना फोन, ना पत्र. घरी कोणी चौकशीला आलं नाही, शेजारी विचारलं नाही. आधी थांबवलं, मग 'येऊन सिद्ध करा'.

२००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अभिनंदन दास, इंद्रनील गुप्ता आणि आशिष मोतीवाला या तिघांनी स्विम नावाची एक पद्धत मांडली. (नावं बघा, आपलीच माणसं!) आज अनेक क्लस्टर तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर चालतात. तिच्यात काय होतं ऐका. एका सोबत्यानं उत्तर दिलं नाही, तर विचारणारा लगेच त्याला मेला म्हणत नाही. तो आणखी दोघा-तिघांना सांगतो, 'तुम्ही विचारून बघा रे, कदाचित माझीच तार बिघडली असेल'. त्यांनाही उत्तर मिळालं नाही, तरी त्याला मृत ठरवत नाहीत, 'संशयित' म्हणतात. ही बातमी सगळ्यांत फिरते, त्या संशयितापर्यंतही पोचते, आणि 'अहो, मी जिवंत आहे' असं सांगायला त्याला मुदत मिळते. ती मुदत संपली, तरच नाव खोडायचं.

गैरहजर आणि मृत यांच्यामधे एक पायरी असते, हे एका यंत्राला कळतं. मुलगा चार दिवस आला नाही तर नाव कमी करण्याआधी घरी निरोप पाठवायचा, हे आम्हा शिक्षकांनाही कळत होतं. मग पेन्शनच्या, रेशनच्या, मतदारांच्या याद्या सांभाळणाऱ्यांना ते कळायला काय हरकत आहे?

यावर जे आक्षेप येतील ते मला माहीत आहेत, वर्गात हात वर व्हायच्या आधीच सांगते.

पहिला, लबाडी होईल. कोणीही येऊन कोणाचाही पत्ता बदलेल. म्हणूनच तर मी म्हणते की माझ्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका, तुमच्याच नोंदणी झालेल्या करारावर विसंबा! आज नातेवाइकाकडून लिहून घेतलेल्या कागदावर जे काम होतं, त्यापेक्षा हे कितीतरी पक्कं. आणि ओळख वेगळी, पत्ता वेगळा. कॉम्प्युटरमध्येही पत्ता सापडला म्हणजे आत प्रवेश मिळाला असं नसतं, दारात प्रमाणपत्र दाखवावंच लागतं.

दुसरा, सगळ्या वह्या जोडल्या तर सरकारला माणसाचं पाऊलन्‌पाऊल कळेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, आणि तुम्हीही घ्या. म्हणून जोडणी माझ्या संमतीनं व्हावी, ज्या खिडकीला मी होकार दिला तिलाच दिसावं, आणि कोणी बघितलं याची नोंद मला दिसावी. कुबरनेटीसमध्येही कोणी कुठली वही वाचायची याला कुलपं लावता येतात. पण एक सांगा, आज दहा खिडक्यांवर मी ज्या झेरॉक्स वाटत हिंडते, त्यांचं पुढे काय होतं हे कुणाला ठाऊक आहे? झेरॉक्सला कुलूप नसतं.

तिसरा आक्षेप आमच्या पिढीतल्यांचा : माणसं म्हणजे काय प्रोग्रॅम आहेत का? नाहीत! तेच तर म्हणतेय मी. निर्जीव डब्याला जी सोय कोणी न मागता मिळते, ती जिवंत माणसाला मागूनही मिळत नसेल, तर शरम कोणाला वाटायला हवी?

आणि हे आपल्या देशात जमणार नाही, असं कृपा करून म्हणू नका, कारण हे आपण केलेलं आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. हा नंबर आता कुठल्या कंपनीकडे आहे, ते मागच्या वहीत बघितलं जातं, आपल्याला कळतही नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं. तिथे नाव सांगितलं की पुरतं, खातं कुठल्या बँकेत आहे ते यंत्रणा शोधते. रेशनकार्ड एका राज्यातलं आणि धान्य दुसऱ्या राज्यात, याची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांत झाली त्यांत आपला महाराष्ट्र होता, गुजरातच्या जोडीनं. जानेवारी २०२३ मध्ये आधारनंही कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं घरातल्यांचा पत्ता बदलायची सोय केली. म्हणजे ओळखीचा सोबती हमी देतो आणि नवा माणूस जथ्यात येतो. माझी गाठ अखेर तिथेच सुटली. सोय होती, पण तीन खिडक्यांपैकी एकीवरही तिचं नाव कोणी काढलं नाही.

टपाल खात्याचंही कौतुक करायला हवं. मे २०२५ मध्ये त्यांनी डिजिपिन आणलं. साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद एवढ्या जागेला दहा अक्षर-अंकांचा संकेत. रुग्णवाहिकेला घर शोधायला उत्तम. पण तो जागेचा पत्ता आहे, माणसाचा नाही, आणि आमच्या टॉवरमध्ये एकावर एक बावीस घरांचा डिजिपिन एकच येणार! त्याच वर्षी खात्यानं 'ध्रुव' नावाचा आणखी एक प्रस्ताव मांडला. पत्त्याऐवजी एक नाव सांगायचं, आणि खरा पत्ता आपल्या संमतीनं समोरच्याला मिळेल. हेच ते, नाव कायम आणि पत्ता बदलता! नाव वाचून मला आनंद झाला, कारण ध्रुव म्हणजे अढळ. पण तो नुसता पार्सल वेळेवर पोचवायला वापरला, आणि पत्ता बदलल्याचं पुन्हा ज्याचं त्यानंच जिथे तिथे कळवायचं असं राहिलं, तर आपण फक्त जुन्या चिठ्ठीला नवा लिफाफा घातला असं होईल.

तेव्हा माझ्या मागण्या चारच आहेत. नोंदणी झालेला भाडेकरार हाच त्या घरातल्या सगळ्या नोंदवलेल्या माणसांच्या पत्त्याचा पुरावा धरावा, फक्त ज्याच्या नावावर करार आहे त्याचाच नव्हे, आणि म्हातारी माणसं करारात नावानं लिहिली जावीत. पत्ता एकदा, एका खिडकीवर बदलला की आपल्या संमतीनं बाकीच्या खिडक्यांनी तो तिथून घ्यावा. जिथे दोन कागद एकमेकांची वाट बघत अडकतात, तिथे कुठला आधी घ्यायचा ते नियम करणाऱ्यानं ठरवून लिहावं. आणि कुठल्याही यादीतून नाव कमी करण्याआधी माणसाला 'संशयित' ठेवून, शेजारीपाजारी विचारून, मुदत द्यावी. मेलेल्याचं नाव चार महिने जास्त राहिलं तर थोडे पैसे जातील, ते परत घेताही येतील. जिवंत माणसाचं नाव कापलं तर त्याचं औषध बंद होतं.

पुनर्विकासात जाणाऱ्या प्रत्येक सोसायटीनं एवढं तरी करावं. सभेत कार्पेट एरिया आणि पार्किंगवर तीन-तीन तास भांडता, त्यातली पंधरा मिनिटं यासाठी काढा. कोण कुठे राहायला जातंय याची एक वही करा, ती दोघा-तिघांकडे ठेवा, दर महिन्याला एकदा फोन फिरवा, आणि फोन उचलला नाही तर लगेच काही ठरवू नका, दुसऱ्याला विचारायला सांगा. सरकार करेल तेव्हा करेल. आपला जथा आपण सांभाळायला कोणाची परवानगी लागत नाही.